पेडलवर कोण बसलं?

तंजावूर, १९९४. पोस्टातल्या रांगेत माझ्यापुढे दोघे भाऊ बोलत होते.

"अण्णा, अप्पांच्या मॉरिस गाडीचे ब्रेक नवे केलेस म्हणे?"

"होय की, श्रीकर. चारही चाकांच्या ब्रेकचे रबर बदलले."

"ब्रेकच्या पाइपातली हवा काढताना पेडल कोणी दाबलं?"

"तुझ्या वहिनीनं."

"अप्पा असताना तिथं मीच बसायचो!"

"तू नवी मारुती घेतलीस. तुला कशाला त्रास द्यायचा?"

"विचारायचं तरी! ब्रेक लागतात का नीट?"

"पेडल अजून मऊ लागतं. हवा राहिली असेल."

"राहणारच! पाय लवकर उचलला की हवा परत आत शिरते. अप्पा 'विडुडा', सोड रे, म्हणून ओरडेपर्यंत मी पाय उचलत नव्हतो. वहिनीला काय माहीत?"

"मग रविवारी येतोस?"

"मला कुठला वेळ? ...सकाळी सहाला येतो. तोवर वहिनीला त्या सीटवर बसू देऊ नकोस."