जयवंतमास्तरांनी मुळापासून बांधलेलं यंत्र

मंडळी, ऐका! आज देवाला नमस्कार करतानाच एक प्रश्न मनात आला, तो तसाच तुमच्यापुढे ठेवतो. दुसऱ्याचा आधार घेतला, तर माणूस लहान होतो का?

बोला ना! पहिल्या रांगेतले आजोबा मान हलवतायत — नाही, नाही म्हणून. वा! आणि काठी मात्र खांबामागे लपवून ठेवलीय! दिसली हो मला!

तोंडानं आपण सगळेच म्हणतो, आधार घ्यावा, त्यात काय कमीपणा! पण स्वतःवर वेळ आली की? तेव्हा नको वाटतो. हात पुढे केला की राग येतो — आणि तोही हात देणाऱ्याचाच!

तर आजचं आख्यान पुराणातलं नाही. राक्षस नाही, शाप नाही. आख्यान आहे सावंतवाडीचं, आणि आहे एका संगणकाचं. घाबरू नका! मला तरी कुठे कळतं त्यातलं? ज्यांच्या घरी घडलं, त्यांच्या ओसरीवर बसून, पोहे खात ऐकलंय.

जयवंत रेगे. तंत्रनिकेतनात संगणक शिकवायचे. मोठे हुशार, आणि हुशार माणसाला असावा तेवढा ताठा. पन्नाशीत डोळ्यांना काचबिंदू झाला. उपचार झाले, पण कडेकडेनं अंधार आत सरकत आला आणि एक दिवस मधोमध येऊन बसला. नोकरी सोडली. घरी कोण? पत्नी, कुंदावहिनी. शिवणकाम करतात. अख्खी आळी त्यांच्याकडे ब्लाउज टाकते.

आता तुम्ही म्हणाल, दिसत नाही तर संगणक कसा वापरायचा? अहो, बोलणारा असतो! पडद्यावर जे उमटतं ते यंत्र मोठ्यानं वाचून दाखवतं. मास्तरांचं त्यावर बरं चाललं होतं. विद्यार्थ्यांचे प्रश्न यायचे, उत्तरं जायची. माणूस कामात असला की दुःखाला बसायला जागा मिळत नाही, खरं की नाही?

पण संगणकाला अपडेट नावाची एक खोड असते. कुठेतरी दूरदेशी कुणीतरी ठरवतं, की आता हे इथलं तिथे ठेवू. डोळसाला काय, दोन मिनिटं शोधेल. आंधळ्या माणसाच्या घरातला पाट हलवून बघा! एक दिवस अपडेट आलं, आणि यंत्राची वाचाच गेली. यंत्र चालू — पण मुकं!

जुना एक विद्यार्थी होता, केदार नावाचा, पुण्याला नोकरीत. त्याला फोन. त्यानं बिचाऱ्यानं सुट्टी काढून येऊन नीट केलं. पुन्हा अपडेट, पुन्हा मुकं. पुन्हा केदार. तिसऱ्यांदा आवाज गेला, तेव्हा मास्तरांनी फोनच केला नाही. खुर्चीत बसून राहिले. जेवायला हाक मारली तर "भूक नाही." यंत्र मुकं, आणि मालकही मुका!

मग एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "कुंदा, मी माझं यंत्र स्वतः बांधणार. मुळापासून. त्यात मी ठेवीन तेवढंच असेल, आणि मी हलवीन तेव्हाच हलेल."

"बांधा की! मी काय मध्ये भिंत आहे?"

"पण मला कुणाची मदत नको."

"बरं."

"कुणाचीही नको."

"बरं म्हटलं ना!"

मास्तर उठले, यंत्रापुढे जाऊन बसले, आणि म्हणाले, "पडद्यावर काय आलंय, ते जरा वाच गं."

हसा, हसा! पण घरी गेल्यावर आठवा, असं आपण दिवसातून किती वेळा करतो ते!

आता हे मुळापासून बांधणं म्हणजे काय, ते मला जसं समजलं तसं सांगतो. लिनक्स नावाची एक प्रणाली आहे. तिची पाककृती कुणी कुलुपात ठेवलेली नाही, सगळी उघडी. बहुतेक लोक तयार डबा आणतात. पण काही वेडे असे असतात, की पाककृती आणायची आणि पीठ दळण्यापासून सगळं आपण करायचं! ती माणसाला वाचता येते, यंत्राला नाही. यंत्राच्या भाषेत तिचं रूपांतर करणारा एक प्रोग्रॅम असतो, त्याला म्हणतात कंपायलर. छान! मग मास्तरांनी आधी कंपायलर बनवायला घेतला. पण मंडळी, इथेच मौज आहे — कंपायलर बनवायला कंपायलर लागतो! हातोडा घडवायला लोहाराला आधीचा हातोडा लागतो, तसंच.

मग पहिला हातोडा कुठला? उसना! ज्या मुक्या प्रणालीवर रुसले होते, तिच्याच पोटातला!

कुंदावहिनी म्हणाल्या, "म्हणजे ज्याच्यावर फणफणलात, त्याच्याच दारात गेलात का?"

"तात्पुरतं गं! त्याच्याकडून थोडी हत्यारं करून घ्यायची. त्या हत्यारांनी आपलं घर बांधायचं. घर उभं राहिलं, की ती हत्यारं टाकून द्यायची."

"कच्चा टाका!" वहिनी म्हणाल्या. "आधी कच्च्या टाक्यानं कापड धरायचं, मग मशीन मारायचं, मग कच्चा टाका उसवायचा."

मास्तर हसले. कितीतरी दिवसांनी हसले. "अगदी तेच!"

आणि काम सुरू झालं. मास्तरांची बोटं कळफलकावर, वहिनींचे डोळे पडद्यावर. इंग्रजी शब्द अडला की वहिनी एकेक अक्षर सांगायच्या. यंत्र दळण दळायला लागलं की पंखा घोंघावायचा, आणि त्या ब्लाउजांना हुक लावत बसायच्या. पंख्याचा आवाज उतरला, की मास्तर म्हणायचे, "बघ, झालं की अडलं?" हळूहळू वहिनी इतक्या तयार झाल्या, की परस्पर सांगायच्या, "ही नुसती वॉर्निंग आहे, एरर नाही. चला पुढे!" एका प्रोग्रॅमला लागणारा दुसरा प्रोग्रॅम, त्याला म्हणतात डिपेंडन्सी. वाण्यानं तूरडाळ संपली म्हटलं, तर ह्या त्याला म्हणाल्या, "डिपेंडन्सी मिळत नाही, असं म्हणा!" तो घाबरला! त्याला वाटलं, नवीन कर लागला काहीतरी!

तर असं करत करत तात्पुरती हत्यारं झाली. आता पुढची पायरी. नव्या घरात शिरायचं आणि दार आतून लावून घ्यायचं. बाहेर जुनी प्रणाली आहे, हे विसरायचं. जे काय आहे ते आतलंच. मास्तरांनी दार लावलं, आणि आतला पहिला प्रोग्रॅम चालवला.

"काय आलं?"

"अशी फाइल नाही, म्हणतंय."

"असं कसं? आत्ता ठेवलीय. यादी काढतो. आहे का नाव?"

"आहे की. समोर दिसतंय."

"मग आता चालवतो. काय म्हणतंय?"

"नाही म्हणतंय."

"नीट वाच!"

"नीटच वाचतेय. एन, ओ —"

"कुंदा, वाचता येत नसेल तर राहू दे!"

आणि मंडळी, इतके दिवस त्या माऊलीनं जे तोंडातून काढलं नव्हतं, ते निघून गेलं. "आंधळे तुम्ही आहात. मी नाही!"

काय झालं असेल हो त्या खोलीत? आजारपणाच्या सगळ्या दिवसांत हा शब्द त्या घरात कुणी उच्चारला नव्हता. वहिनी तोंडावर पदर घेऊन आतल्या खोलीत गेल्या आणि शिवणयंत्रावर बसल्या. पाय चालवतायत, आणि सुईखाली कापडच नाही!

मास्तर तिथेच बसले. आधी राग, मग लाज, मग विचार. असा माणसाचा क्रम असतो. शहाणा असेल तर तिसऱ्यापर्यंत पोचतो. आपण बरेचदा पहिल्यावरच मुक्काम करतो! मग भिंत चाचपत ते आतल्या खोलीच्या दारात आले.

"कुंदा, तू बरोबर वाचत होतीस."

पाय थांबले.

"फाइल होती. पण तिला उठवून चालवणारी दुसरी एक असते, ती जुन्या घरात राहिली. चूक माझी. दार लावलं आणि तिला बाहेर कोंडलं. मी विचारत बसलो, काय नाही? कोण नाही, हे विचारलंच नाही."

वहिनींनी डोळे पुसले. "मग आता?"

"आता पाया चुकलाय. सगळं पहिल्यापासून."

"मग उसवा," वहिनी म्हणाल्या. "पुन्हा शिवू."

बघा हं! "मी म्हटलंच होतं" नाही, "आधी माफी मागा" नाही. पुन्हा शिवू! संसारात हे दोन शब्द ज्याला सापडले, त्याला माझ्या कीर्तनाची गरज नाही. इथे मी एक ओवी जोडलीय. कुणा संताची नाही हो, माझीच, म्हणून ओबडधोबड आहे —

*आधाराने उभा राहे, तो न जाणावा पांगळा ।*
*आधारासी विसरला, तोचि एक आंधळा ॥*

पुन्हा उसनी हत्यारं, पुन्हा नवं घर, पुन्हा दार लावलं. या वेळी आतला पहिला प्रोग्रॅम उठून चालायला लागला. मग नव्या घरातल्या कंपायलरनं स्वतःलाच पुन्हा घडवलं. लोहारानं उसन्या हातोड्यानं आपला हातोडा केला, आणि मग आपल्या हातोड्यानं पुन्हा आपला! एकेक करत सगळं उभं राहिलं. शेवटी आवाजाचा प्रोग्रॅमसुद्धा झाला.

आणि आता ऐका, काय झालं ते. वहिनी चहा घेऊन येत होत्या. मास्तर फोनवर केदारला सांगत होते, अगदी खुशीत, "हो रे! झालंच. आता फक्त तात्पुरतं सगळं पुसून टाकायचं. ते ठेवलं, तर नवीन यंत्र त्याच्यावरच रेलत राहतं. आधार काढल्याशिवाय उभं राहिलं असं म्हणता येत नाही!"

वहिनींनी चहा टेबलावर ठेवला आणि बाहेर आल्या. मनात एकच — कच्चा टाका. उद्या यंत्र बोलेल. मग माझं काय काम? मंडळी, डोळे गेलेल्या माणसाचं दुःख सगळ्यांना दिसतं. पण त्याचे डोळे होऊन राहिलेल्या माणसाला उद्या सुट्टी मिळाली, तर त्याला काय वाटत असेल? ते कोण बघतं?

दुसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "कुडाळला बहिणीकडे जाऊन येते. डबा शेजारून येईल."

मास्तर म्हणाले, "जा की! किती दिवसांत गेली नाहीस."

पुरुषाच्या जातीला कळायला वेळ लागतो. हसू नका पुरुषांनो, तुम्हालाच म्हणतोय!

घर रिकामं. पडदा वाचायला कुणी नाही. मास्तर नुसत्या बोटांच्या सवयीवर टंकत राहिले. उसनी हत्यारं पुसली. शेवटची दोन-तीन कामं उरली होती, तीही अंदाजानं केली. बरोबर झालं की चुकलं, कळायला मार्ग नाही! दर वेळी मान वळवून "बघ गं" म्हणायचे, आणि मग आठवायचं. मनानं कबूल केलं — यंत्र बोलायला लागलं, तरी ही खोली मुकीच राहणार आहे.

फोन केला. "कुंदा, ये. सुरू करायचंय. तू नसताना नाही करणार."

वहिनी आल्या. पिशवी दारातच ठेवली, अशा बेतानं की लगेच उचलता यावी. स्टुलावर बसल्या. मास्तरांनी बटण दाबलं.

"काय दिसतंय?"

"काळं आहे."

"अजून?"

"काळंच. अहो, काही चुकलं तर पुन्हा —"

"थांब. जरा थांब."

पडद्यावर ओळी धावू लागल्या. थांबल्या. खोलीत आवाज नाही. आणि सपाट, नाकातल्या, लोखंडी आवाजात यंत्र बोललं —

"कुंडा."

वहिनी दचकल्या. "काय म्हणालं?"

"यंत्राला नाव द्यावं लागतं," मास्तर चाचरत म्हणाले. "सुरू झालं की ते आधी आपलं नाव सांगतं, आणि मग विचारतं, कोण आलंय? मी नाव टाकलं... कुंदा. इंग्रजी अक्षरं आहेत, म्हणून त्याला 'द' जमला नाही."

"कुंडा! म्हणजे मी काय कुंडी आहे तुळशीची?" म्हणाल्या, आणि रडायलाच लागल्या. हसता हसता रडायला लागल्या.

"अगं, काय झालं?"

"मला वाटलं, कच्चा टाका उसवला. आता माझं काय काम!"

मास्तरांनी हात पुढे करून स्टूल चाचपलं, वहिनींचा हात धरला. ज्या माणसाला कुणाचीही मदत नको होती ना, त्यानं धरला. म्हणाले, "आता वाचायला तू नकोस, कुंदा. नुसती बस."

वहिनींनी नाक पुसलं. म्हणाल्या, "बसते. पण आत्तापर्यंत घरात एकजणच हाका मारत होता. आता दोघं मारणार! स्वयंपाक कधी करायचा मी?"

मंडळी, इतकंच आख्यान. आता माझा प्रश्न तुमच्याकडे वळवतो. तुमच्यात जे छाती काढून म्हणतात, "मी माझ्या हिमतीवर उभा राहिलो" — खरंच? पहिलं अक्षर गिरवताना तुमच्या मुठीवर कुणाची मूठ होती? शून्यातून यंत्रसुद्धा उठत नाही हो, आणि आपण उठलो? एक दिवस आधार सोडता येतो, सोडावाही. पण आधार सोडायचा. माणूस नाही सोडायचा! आणि जी माऊली, जो बाप, जी सून आज कुणाचे डोळे होऊन, कुणाचे पाय होऊन बसलीय — तिला आज रात्री सांगा, की काम संपलं तरी तुझी जागा संपणार नाही. मनात आहे म्हणू नका. मनातलं यंत्रालाही ऐकू येत नाही!

चला, आरतीला उठायचंय. बसून बसून गुडघे धरले असतील. उठताना शेजारच्याच्या खांद्यावर हात ठेवा, लाजू नका. आणि ज्याच्या खांद्यावर हात येईल — त्यानं सरकायचं नाही!