डबीतला चौथा तुकडा

हॅलो? … अगं आई, सहा वेळा फोन लावला. कुठं होती? … बरं, राहू दे धुणं. ऐक ना. देवघरात जा… शाळेतूनच बोलून राहिली, सिस्टरच्या ऑफिसमधून. … तब्येत चांगली आहे माझी. जा.

काल मी रुमालात प्रसाद आणला होता ना, शाळेच्या मिस्सेतला, फादरच्या प्रार्थनेतला… हो, तोच, पांढरा गोल, पापडीसारखा. तू स्टीलच्या डबीत ठेवला. ती डबी उघडू नको. कोणाला हात लावू देऊ नको.

…खराब नाही निघाला गं. तो घरी आणायचाच नव्हता. तिथंच फादरसमोर तोंडात टाकायचा असतो. तोही बाप्तिस्मा झालेल्यांनीच.

…माहीत होतं. अकरा वर्षं शिकवून राहिली मी इथं, माहीत कसं नसेल? माझ्या वर्गात चार कॅथलिक पोरी आहेत. त्यांना रांगेत नेते आणि बाजूला उभी राहते, दर वर्षी. आपले फादर ओळखतात मला. काल बाहेरून नवे आले होते. ते समोर आले, आणि माझा हात… उजवा वर, डावा खाली. आपोआप. … तूच लावली ना सवय. … आता दिलेला प्रसाद नको म्हणू का, सगळ्या शाळेसमोर?

…कशी खाणार? महाराजांचा गुरुवार, माझा उपास. आणि तो गव्हाचा. … तेच ना. मीही तेच म्हटलं, प्रसाद आहे, एकटीनं कायले खायचा, घरी सगळ्यांना होईल. आणि आज मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये मीच शहाणीनं सांगितलं, आईनं देवघरात ठेवला म्हणून.

…सिस्टर ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. खुर्चीत बसल्या नुसत्या. म्हणाल्या, अनघा मिस, तो जसाच्या तसा परत मिळाला तर इथंच मिटेल. नाहीतर मला बिशपना पत्र लिहावं लागेल. … नोकरीचं मी कसं सांगू? ते बिशप ठरवतील.

…हो, महालक्ष्म्यांची आंबील घेतली होती त्यांनी. पुरणपोळ्याही नेल्या डब्यात. … हो, वरून तूप मागितलं होतं. पण हे वेगळं आहे, आई. त्यांच्यासाठी तो देवाचा प्रसाद नाही. तो देवच आहे. … हो, आपल्या डबीत. तुझ्या बाळकृष्णाच्या शेजारी.

आई? … बोल ना. काय, वाटला?

…

कधी? … पूजा झाल्यावर. … किती तुकडे केले? … चार. बाबांना एक. तुला एक. … आणि शेजारच्या कौसल्याकाकूंना कायले? … माहीत आहे गं, काका दवाखान्यातून घरी आले म्हणून. पण… काकांच्याच तोंडात घातला. बरं.

…नाही, तू नाही झाली ख्रिश्चन. बाबाही नाही झाले. … पापाचं मला विचारू नको, मी भूगोल शिकवते.

थांब एक मिनिट. सिस्टर विचारून राहिल्या… खाली सांडला का? कणभरही? … तळहातावर मोडला. … आणि तळहात? … चाटला. हो सिस्टर, चाटला म्हणते. … आणि रुमाल कुठं आहे माझा? … धुतला. कधी? … पाणी कुठं टाकलं, आई? आठव नीट. … मोरीत नाही ना? … तुळशीत. सिस्टर, तुळशीत टाकलं म्हणते. देवाचं होतं म्हणून.

…थांब. … म्हणतात, आमच्यातही ते पाणी मातीतच ओततात. … मला काय माहीत? अकरा वर्षांत मला तरी कोणी सांगितलं?

चौथा तुकडा कुठं आहे? … डबीत. माझा. … उपास सुटला ते खरं, पण तो मी नाही खायचा. फादर गाडी काढून राहिले, सिस्टर आणि मीही येतो. डबी त्यांच्या हातात दे, आणि काही बोलू नको. … माझ्या वाट्याचं काय, म्हणजे? माझा वाटा नसतो त्यात, आई. मी रांगेच्या बाजूला उभी राहते, सांगितलं ना.

…

…हो, फादरनी दिला होता. … हातात दिला होता, हो.

…बिशपचं? विचारते. सिस्टर, ते पत्र… … लिहावं तर लागेलच म्हणतात. … ऐक ना पुढं. म्हणतात, पण त्यात तुळसही लिहीन.

…चहा? … ठेव. पाच कप ठेव, बाबांचा धरून. सिस्टरना साखर नको. आणि आई, ती डबी आता पुन्हा उघडून बघू नको. … उघडली? … आहे ना? … बरं. लाव झाकण. निघालो आम्ही.