पिवळ्या चिठ्ठीचा जावई

आजचे अध्यक्ष रत्नाकरराव, कारखान्याचे मोठे साहेब कृष्णस्वामी, आपल्या मराठी मंडळातले वडीलधारे, आणि मागं उभं राहून काफीची वाट बघणारे, सगळ्यांना माझा नमस्कार.

आमचे हे, हार घालून बसलेत ते प्रतापसिंह, आज रिटायर झाले. यांचं काम म्हणजे बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या, मालावर हातोडी मारायची. खणखणीत वाजला तर हिरवी चिठ्ठी, बद्द वाजला तर लाल, कळेना तर पिवळी. पिवळी म्हणजे माल थांबवून ठेवा. असा कान मद्रासेत दुसरा नाही म्हणालात. नसेल. पण हा कान रोज संध्याकाळी कुणाच्या घरी यायचा?

आमची तुळजा जन्मली तेव्हा लोक नाक-रंग बघत होते. यांनी रडणं ऐकलं आणि नर्सबाईला सांगितलं, "तडा नाही." थोरला अमरसिंह गणितात नापास झाला, तर म्हणे, "परत भट्टीत घाला." मी म्हटलं, "अहो, त्या भट्टीत आता जागा नाही!"

पण खरं सांगते, पोरं वाढवायला मी यांच्याकडूनच शिकले. माल बिघडला तर मालाला शिव्या घालू नका, आधी साचा बघा, असं हे म्हणत. पोरगं खोटं बोललं की मी साचा बघायची. बहुतेक वेळा साचा समोरच पेपर वाचत बसलेला असायचा.

तर मुद्दा. तुळजाला अनंतकृष्णानं मागणी घातलीय. तांबरमचा, बँकेतला, गुणी मुलगा. तमिळ आहे, तर आमच्या घरी तरी कुठं निव्वळ मराठी उरलीय? वर्ष झालं, दर रविवारी येतो. हे कधी त्याच्या चपलेची झीज बघतात, कधी तो रसम कसा ओरपतो ते. गेल्या रविवारी पाठीवर थाप मारली आणि कान लावला!

"काय हो?"

"आवाज येत नाही."

"माणूस आहे तो, कढई नाही!"

पोरगा बिचारा म्हणतो, "सर, खोकू का?"

अशी वर्षभर पिवळी चिठ्ठी. शेवटी मी विचारलं, "खोट काय सापडली?"

"काहीच नाही."

"मग घोडं कुठं अडलंय?"

तर हळूच म्हणाले, "अगं, हिरवी लावली की माल गेटाबाहेर जातो. परत येत नाही."

मला कळलं हो. पण मला आता दम निघत नाही, आणि उद्यापासून हे घरीच. आज ठरलं नाही तर त्या पोराला रोज ठोकतील.

कृष्णस्वामी साहेब, ज्यानं माल केला त्यानं तो पास करायचा नाही, हा तुमचाच नियम ना? साहेबांना मराठी कळत नाही, पण मान हलवली. पुरे. आता तुळजा कुणी केली? हसू नका! मग यांना अडवायचा हक्क काय?

अहो, ऐका. लोखंड परत येत नाही. तुळजा दिवाळीला येईल. तांबरमहून गाड्या आहेत. तुमच्या खिशात हिरव्या चिठ्ठ्या आहेत, सदऱ्याला इस्त्री मीच केलीय. अनंतकृष्ण मागं पंख्याखाली बसलाय. उठा, लावा त्याला.

उठले हो! अय्यो, ती सत्काराची हातोडी टेबलावर ठेवून जा!

मंडळानं मला बोलू दिलं, उपकार आहेत. शाळा थोडी, जीभ लांब. उणंअधिक बोलले असेन ते पोटात घाला, लाल चिठ्ठी लावू नका. आणि कुणी तसंच जाऊ नका. काफीबरोबर जांगिरी आहे, आपल्या इमरतीसारखी. निरोपाची म्हणून सांगितली होती, साखरपुड्याची आहे.