काउंटरवरचा आग्रह

चूक माझीच होती, हे आधीच सांगते. नात आर्याच्या वाढदिवसाला आम्ही चौघांनी माणगावला हायवेवर बर्गर खायला जायचे, हे मीच ठरवले. "पैसे मी देणार," असे लेक-जावयाला बजावून काउंटरपाशी उभीही मीच राहिले.

तिथली मुलगी फार गोड बोलत होती.

"आजी, चीज घालू?"

"घाल."

"फ्राईज मोठे देऊ?"

"दे."

"सोबत थंड काही?"

तेही दे म्हटले. पंगतीत कुणी इतका आग्रह केला, तर नाही कसे म्हणायचे?

बिल आले एकोणीसशे चाळीस!

"अगं, हे सगळे तू आग्रहाने वाढत होतीस ना?"

"नाही आजी, प्रत्येकाचे वेगळे पैसे."

प्रत्येक प्रश्नाला पैसे पडतात, हे प्रश्नाआधी सांगायला नको? जावयांनी पाकीट काढले. मी त्यांचा हात अडवला आणि पेन्शनमधून पैसे भरले.

आणि वर, घरी पोहोचताच तेच जावई विचारतात, "आई, थोडा आमटीभात मिळेल?"

कुकर लावता लावता मी जाहीर केले, की पुढचा वाढदिवस घरीच होईल. लेक-जावयांनी तत्काळ होकार दिला. आर्याने थोडा विचार केला आणि ताट पुढे सरकवले.

"चालेल. तुझ्या आग्रहाचे पैसे पडत नाहीत."