ताईच्या पांढऱ्या घरात दोन दिवस

— नाही नाही, हनुवटी वर करू नका, सरळ बसा, समोर तक्त्याकडे बघा. हं. आता सांगा, ही काच बरी की ही? ही... का ही? दोन्ही सारख्याच? असू द्या, घाई नाही, परत लावतो. तर शनिवारी तुम्ही येऊन परत गेलात म्हणता. हो, बंद होतं. चौदा वर्षांत शनिवारी पहिल्यांदाच बंद. पाटी लावली होती मी, 'घरगुती कारणामुळे' — तर हा शेजारचा किल्लीवाला येईल त्याला सांगत बसला की कुणीतरी गेलं असणार. मंगळवारपर्यंत तीन माणसं पडेल चेहरा करून येऊन गेली. कुणी गेलं नाही हो. ताईकडे गेलो होतो, थोरल्या बहिणीकडे, दुसऱ्या गावाला. साडेतीन तास बसचा प्रवास. मी, बायको आणि आई. शनिवारी जायचं, रविवारी यायचं. यात पाटी लावण्यासारखं काय आहे? काही नाही.

आई? आहे ना, घरी आहे. मागच्या खुर्चीत दिसली नाही म्हणून विचारताय, बरोबर आहे. रोज दुपारी इथंच असायची. मागच्या खेपेला तुम्ही अडखळलात तेव्हा तिनं तुम्हाला हळूच 'प' सांगितला होता — मी ऐकलं होतं, तुम्हाला वाटलं मला कळलं नाही. तिच्या त्या 'प'मुळेच तुमचा नंबर कमी लागला आणि डोकं दुखायला लागलं, म्हणून तर तुम्ही परत आलात. डावा झाका. हाताने नाही, फ्रेम आहे ना नाकावर, मी झाकतो.

तर ताईनं नवीन घर घेतलं, त्याला झालं दीड वर्ष. तीनदा बोलावलं. पहिल्या वेळी आईचे गुडघे दुखत होते. दुसऱ्या वेळी पोट. तिसऱ्या वेळी काहीच दुखेना तर म्हणाली, माझ्यामागे घर कोण बघणार? आता आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, त्यात बघण्यासारखं काय आहे? पण ती तशीच, हट्टी. घरातली खुर्ची कुणी वीतभर सरकवली तरी घर डोक्यावर घेणार. एकदा बायकोनं स्टूल पंख्याखाली ठेवलं, तर आई त्यावरून पडली, वर आम्हालाच बोलली. चक्कर आली म्हणे. शेवटी ताईचा फोन आला — तुम्ही येता का मी येऊन तिला उचलून नेऊ? आईनं फोन कानाला लावून ऐकून घेतलं आणि म्हणाली, चला बाई, एकदाचं होऊन जाऊ दे. मला तेव्हाही वाटलं, लेकीकडे दोन दिवस जायचं त्याला 'एकदाचं होऊन जाऊ दे' काय? दात काढायला जातात तेव्हा म्हणतात तसं. पण मी काही बोललो नाही. मी सहसा बोलत नाही.

गेलो. सहावा मजला. दार उघडं होतं आणि दारातच एक बाई उभी होती — शेजारीण, नेलेलं पाना-पक्कड परत द्यायला आलेली. आई सरळ पुढं झाली, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली, "किती गं वाळलीस!" ती शेजारीण, म्हणजे कुणाच्या अंगावरून बोलू नये, पण नव्वद किलोंच्या आत नसेल. गेल्या वीस वर्षांत तिला असं कुणी म्हणालं नसणार. एवढी खूश झाली, पक्कड हातात तशीच घेऊन परत निघाली. मागं ताई उभी, पाण्याचा तांब्या घेऊन. "आई, मी इकडे आहे." तर आई जागची हलली नाही. "माहितीये मला. हिलाच म्हणाले मी, तुला कशाला म्हणू? तू कुठं वाळलीयेस?" सगळे हसले. मीही हसलो. चांगला मोठ्यानं हसलो.

मग मेहुण्यांनी घर दाखवलं. आमच्या मेहुण्यांचं रंगाचं दुकान आहे, मोठं, चारशे छटा मिळतात, आणि घर सगळं पांढरं. भिंती पांढऱ्या, दारं पांढरी, फरशी पांढरी, बाथरूमचे नळसुद्धा पांढरे. मी म्हटलं, एवढे रंग आहेत तुमच्याकडे... तर म्हणाले, दिवसभर तेच बघतो हो. ते पटलं मला. तर बैठकीची खोली आणि जेवायची खोली यांच्या मध्ये एक पायरी आहे, खाली उतरणारी, पांढऱ्यावर पांढरी. आई तिथं येऊन थांबली. आणि आमची बायको, जी कधी कुणाच्या घराला बरं म्हणत नाही, ती एकदम खणखणीत आवाजात म्हणाली, "अगंबाई! इथे एक पायरी आहे! एकच, खाली उतरणारी! किती छान पायरी!" मला वाटलं हिला प्रवास बाधला. पायरीचं कौतुक कोण करतं? सोफा होता, पडदे होते, एवढं मोठं कपाट होतं — आणि ही पायरीवर अडकलेली. मेहुणे म्हणाले, हो, गवंड्यानं चांगली केलीये. आणि आई उतरली, हिच्या दंडाला धरून.

सावकाश वाचा, चौथी ओळ. नाही, 'म' नाही तो. परत. हं, 'भ'. बरोबर, पण तुम्ही ओळखलंत का अंदाजानं सांगितलंत? अंदाजानं सांगू नका. दिसलं तर दिसलं म्हणा, नाही तर नाही म्हणा. इथं कुणी नापास करत नाही.

कुठं होतो मी? रविवार. रविवारी सकाळी चहा झाला आणि मेहुण्यांनी नातीचा फोटो उघडला फोनवर — ताईची लेक बाळंत झालीये, महिना झाला, ती तिकडे लांब असते. मी बघितला, बायकोनं बघितला, मग फोन आईच्या हातात. आईनं लांब धरला, जवळ घेतला, मान वाकडी केली. "गोड आहे गं. नाक अगदी ताईचं." बराच वेळ बघत होती. मेहुण्यांनी फोन परत घेतला आणि त्याकडे बघतच राहिले. फोन बंद झालेला होता. तो आपोआप विझतो ना अर्ध्या मिनिटात, तसा. काळा. मेहुणे सज्जन माणूस, त्यांनी फोन तसाच खिशात घातला. पण ताईनं बघितलं होतं. ताई बँकेत आहे, तिच्या नजरेतून काही सुटत नाही. म्हणाली, "आई, बाळाच्या अंगात कोणत्या रंगाचं झबलं होतं गं?" आई म्हणाली, "मुलगी ना? गुलाबी." ताई म्हणाली, "आई, फोन बंद होता."

मेहुण्यांनी बिस्किट चहात बुडवलं होतं, ते तुटून आत पडलं, तरी हात तसाच.

मला वाटलं ताई आता आईला बोलणार. तर ती माझ्याकडे वळली. "तू! तू रोज शंभर माणसांचे डोळे तपासतोस!" मी म्हटलं, शंभर नाही, दहा-बारा. खरं तेच सांगितलं. तर ती आणखीच भडकली — घरातल्या घरात आईला दिसत नाही आणि तुला दिसत नाही, कसला रे चष्मेवाला तू, तुझ्या दुकानाला कुलूप लाव. तेव्हा आई बोलली. कप खाली ठेवला, आधी बोटानं टेबलाची कड चाचपली आणि मग ठेवला — आणि म्हणाली, "त्याला बोलू नकोस. त्याची काही चूक नाही. तपासले होते त्यानं. त्यानं अक्षरं विचारली, मी अक्षरं सांगितली."

पाठ होता हो तिला! हा तक्ता. मागच्या खुर्चीत बसून रोज ऐकायची ना, येणारा प्रत्येक माणूस तीच अक्षरं वाचतो — वरून खाली, खालून वर, अडखळत, चुकत. चार वर्षांत झोपेतून उठवलं तरी म्हणेल असा पाठ. ताईनं विचारलं, पण का आई? लपवायचं का? तर म्हणाली, "कळलं असतं तर आधी विळी काढून घेतली असतीत. मग गॅस. मग म्हणाला असतात, एका जागी बसून राहा. आमच्या घरात मला सगळं ठाऊक आहे. खाटेपासून ओट्यापर्यंत अकरा पावलं. कोण म्हणतं मला दिसत नाही?" ताई रडायला लागली, म्हणाली, तू आता इथेच राहा माझ्याकडे, मी रजा काढते. तर आई म्हणाली, "इथे? इथे मला भिंत कुठली आणि दार कुठलं ते कळत नाही. सगळं पांढरं आहे म्हणे." मेहुण्यांना ते जरा लागलं. लागणारच. पण आंबट तोंड न करता स्टँडवर सोडायला आले बिचारे, आणि आईला हाताला धरून बसमध्ये चढवलं. रविवारी लवकरच निघालो आम्ही.

येताना बायको आणि आई पुढच्या बाकावर, मी मागं. आई खिडकीशी — तिला लहानपणापासून खिडकी लागते. आणि बायको बोलत होती. ही आमची बायको बस सुटली की बोलायला लागते ती उतरेपर्यंत, मी कधी लक्ष देत नाही. त्या दिवशी ऐकलं. "आता ना, पूल आलाय. नदीत पाणी आहे, पण कडेकडेनं. पलीकडे कुणीतरी चादरी वाळत घातल्यात, निळ्या. आता एक माणूस सायकल हातात धरून चाललाय, पंक्चर असेल." आणि आई मान हलवतेय. एकदा तर म्हणाली, "चादरी किती?" आणि हिनं मागं वळून मोजल्या. सात.

घरी आल्यावर आई झोपली तेव्हा मी बायकोला विचारलं, कधीपासून ठाऊक आहे तुला? म्हणाली, दोन वर्षं होत आली. आईंनी शपथ घातली होती. मी म्हटलं, अगं, शपथ झाली म्हणून मला सांगायचं नाही? तर ती म्हणाली, "अहो, मला वाटलं तुम्हालाही ठाऊक आहे. मला वाटलं, तुम्हालाही शपथ घातलीये."

सोमवारी नेलं डॉक्टरांकडे. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस वाळत जाते, दुखत नाही, खुपत नाही, कडेनं कडेनं मिटत येतं. उजवा गेला. डाव्यात किल्लीच्या भोकाएवढं उरलंय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंब घालून राखायचं. घालतो मी, सकाळ-संध्याकाळ. ती बरी आहे हो. उलट खुशीत आहे. आता दार उघडून येईल त्याला सांगते, मला दिसत नाही, बाजूला व्हा. विळी तिच्याकडेच आहे, आम्ही काढली नाही. इथं दुकानात चल म्हटलं, तर म्हणाली, आता येऊन काय करू, तो तक्ता झाला माझा.

डॉक्टरांनी विचारलं, याआधी कधी तपासले होते का डोळे? मी म्हटलं, नाही.

आता तुम्ही म्हणाल — तुम्ही काही म्हणत नाही, मीच म्हणतोय — की तपासले तर होते. इथंच, याच खुर्चीत, दोन वर्षांपूर्वी. ती आपणहून आली होती. म्हणाली, बघ रे जरा. मी फ्रेम लावली, डाव्या डोळ्यावर काळी चकती घातली, उजव्यानं वाच म्हटलं. वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग उजव्यावर चकती घातली आणि डाव्यानं वाच म्हटलं. वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत, एक अक्षर चुकलं नाही. फ्रेम उतरवली तेव्हा बघितलं, तर डाव्यावरची चकती मी काढलीच नव्हती. दोन्ही डोळ्यांवर होत्या. दोन्ही डोळे झाकलेले आणि आईनं शेवटची ओळ वाचली होती.

मी चकत्या पुसून डबीत ठेवल्या. कागदावर लिहिलं, दोन्ही डोळे, नजर ठीक. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं. म्हटलं संध्याकाळी विचारू. संध्याकाळी ती पानं वाढत होती, आमटीचा एक थेंब बाहेर नाही. म्हटलं, बघा, दिसतंय की. मग रोज तेच बघत बसायचो मी जेवताना — काही सांडतंय का. सांडत नव्हतं. ती शपथबिपथ मला कुणी घातली नव्हती. पण ते स्टूल पंख्याखालून उचलून पहिल्या जागी कुणी ठेवलं? मी. फरशीवर खडूनं खुणा करून ठेवल्या होत्या, चार पायांच्या चार.

डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आला असतात तर डावा बराच राहिला असता. साधं सांगावं तसं सांगितलं त्यांनी. मी म्हटलं, हो, उशीरच झाला.

...

काढा ती फ्रेम. द्या इकडे. झालं तुमचं. काच उद्या संध्याकाळी मिळेल, सातनंतर या. आणि दार ओढून घ्या जाताना, धूळ येते.