औषधवाल्याच्या घरचा किडा

हसा खुशाल, पण खरं हाय. गावाला फवारणीची औषधं विकणारा मी, आन् माझ्याच घरात किडा पाळलता. हात जोडल्यासारखा बसतो ना, तो हिरवा प्रार्थना कीटक. त्याचं तांदळाएवढं पिल्लू बायकोला दारातल्या कढीपत्त्यावर सापडलं. तिनं लोणच्याची बरणी धुतली, आत एक काडी तिरपी उभी केली, तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला. झालं त्याचं घर.

पण त्याला खायला जित्ते किडे लागतेत. पिकाचा रस पिणारी बारकी कीड, मावा, शोधत मी अख्खं शिवार फिरलो, एका पानावर दिसंना. दिसंल कसा? सगळ्यांना औषध मीच दिलेलं! शेवटी बाबूरावाच्या रानात गेलो. हा गडी माझ्या दुकानाची पायरी कधी चढला न्हाई. माव्यानं भरलेला कपाशीचा शेंडा खुडून माझ्या हातात देत म्हणला, "घ्या शेठ. तुमच्या तावडीतून एवढाच सुटलाय."

शेंडा घेऊन लगबगीनं घरी आलो, तर बायको दारात आडवी.

"थांबा. अंगाला औषधाचा वास येतोय. आधी आंघोळ करा, कापडं बदला, मग बरणीला हात लावा."

"आगं, पंधरा वर्षं झाली, दुकानातून असाच येतो की घरात!"

"आमाला झाली सवय. त्याला अजून न्हाई."

मी गुमान न्हाणीत गेलो.

पुढं त्याला पंख फुटले, उडून गेला कढीपत्त्यावर. बरणीत परत लोणचं आलं. माझी संध्याकाळची आंघोळ मात्र चालूच हाय.