वडाला न्यायच्या तांब्यातलं पाणी

खरं सांगतो मंडळी, हे आख्यान मी लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं! पुराणातलं असतं तर बिनधास्त लिहिलं असतं. पण हे आपल्या खानदेशातलं, चार वर्षांपूर्वीचं, नि माझ्या जिवलग मित्राच्या घरातलं. शेवटी त्याच्याच आईने दम भरला, "लिही रे बाबा! लाज वाटायची तर मला वाटेल, तुझं काय जातं?" म्हणून लिहितो. कीर्तनात उभा राहून सांगितलं, अगदी तसंच.

तर ऐका! प्रश्न सोपा आहे. धरलेला उपास मधेच मोडला — तर पाप लागतं का?

मागच्या काकू म्हणतात, लागतं. बरं! पुढचे आजोबा काहीच म्हणत नाहीत, कारण त्यांनी आयुष्यात उपासच धरला नाही! असू द्या. घाई नको. आधी मथुराबाईंकडे चला.

मथुराबाई म्हणजे माझ्या मित्राची, हेमराजची आई. हेमराज केळीचा ट्रक चालवतो, पार दिल्लीपर्यंत. त्याच्या आदल्या वर्षी आषाढातल्या शेवटच्या मुहूर्तावर त्याचं लग्न झालेलं. सून देवयानी. गुणी पोर. सातवा महिना लागलेला. आणि आली तिची पहिली वटपौर्णिमा!

आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्या वटपौर्णिमेला लग्नातला शालू नेसायचा. पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. नि फेऱ्या? आधी म्हाताऱ्या, मग सासवा, मग लेकुरवाळ्या, नि सगळ्यात शेवटी नव्या सुना! मोठ्यांचा मान!

त्या वर्षी पाऊस लांबलेला. जून अर्धा सरला तरी ऊन त्रेचाळीसच्या खाली यायला तयार नाही. गावातला वड रस्त्यासाठी तोडलेला, म्हणून बायका पाटाच्या, म्हणजे कालव्याच्या काठावरच्या वडाकडे निघाल्या. दीड किलोमीटर! चालत! गाडीत बसून कोणी वडाला जातं का?

घरातून निघताना आशा सेविका दारात आडव्या आल्या. गरोदर बायांची नोंद ठेवणाऱ्या निर्मलाताई हो. "मथुराकाकू, हिला नेऊ नका. न्यायचंच तर आठच्या आत जाऊन या, सुती साडी नेसवा, नि पाणी पाजत राहा."

मथुराबाई हसल्या. "अगं व माय! हेमराज पोटात होता तेव्हा मी नववा महिना घेऊन फेऱ्या मारल्या. काही झालं का मला?"

मंडळी, हे वाक्य ओळखीचं आहे ना? आपल्या घराघरांत राहतं ते!

नऊला निघाल्या. अकरा वाजले तरी म्हाताऱ्यांच्याच फेऱ्या. वडाची सावली म्हाताऱ्यांनी घेतलेली, सुना बाहेर रांगेत. जरीचा शालू, हातात पाण्याने भरलेला तांब्या, तो वडाच्या मुळाला घालायचा. बघा गंमत! हातात पाणी, घशात कोरड!

मथुराबाई मधूनमधून मागे वळून बघत होत्या. सून किती घामाघूम झालीय, बिचारी. मग पुन्हा बघितलं — घाम नाही! चेहरा लालबुंद, ओठ पांढरे.  त्या उठून जवळ गेल्या.

"देवयानी, बरं वाटत नाही का?"

"डोकं ठणकतंय आई. सकाळपासून लघवीला पण नाही झाली." मग अगदी हळू, "आणि बाळ... मघापासून बाळ हललंच नाही."

मथुराबाईंनी हात लावला पोरीला — भाजत होती! तेवढ्यात देवयानी खाली बसली. बसली कसली, कोसळली!

"पाणी! पाणी पी आधी!"

पोरीने तोंड फिरवलं. "नको आई. ते आज रस्त्यावर आहेत. गाडी चालवतायत. काल महाराज म्हणाले, थेंब जरी जिभेला लागला तरी व्रत गेलं, नि नवऱ्यावर..."



कोण महाराज? विचारा ना! विचारा! हाच. तुमच्यासमोर उभा आहे तो! आदल्या संध्याकाळी पारावर मी ते वाक्य फेकलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. मी खूश!

सगळ्या बायका बघतायत. एक म्हणाली, "दोनच म्हाताऱ्या राहिल्यात, मग हिला पुढे घेऊन फेऱ्या उरकून घ्या, नि पाजा." दुसरी म्हणाली, "पहिलीच वटपौर्णिमा हो, अपशकुन कशाला?"

मथुराबाईंना चाळीस वर्षांत एकदाही न मोडलेला उपास आठवला. घरी खाटेवर असलेला दम्याचा नवरा आठवला. ट्रकवरचा मुलगा आठवला. नि मांडीवर डोकं ठेवलेली ही पोर — तिच्या पोटातलं ते! त्याने कधी धरला होता उपास? त्याला कोणी विचारलं होतं?

त्यांनी वडासाठी आणलेला तांब्या उचलला. नि सगळ्या गावासमोर — घटाघटा प्यायल्या!

"बघ! मोडला मी! चाळीस वर्षांचा मोडला! हेमराज आधी माझा आहे, मग तुझा. व्हायचं ते मला होऊ दे. पी आता!"

देवयानीने बघितलं. नि तोंड उघडलं. एक घोट. थांबून आणखी एक.

मग मात्र मथुराबाई थांबल्या नाहीत! "ए, बघत काय बसल्या? उचला!" शेजारीच केळीची बाग. आत गारवा, ठिबकच्या नळ्या चालू. केळीची पानं अंथरली, पोरीला डाव्या कुशीवर निजवलं. बायकांनी भोवती पदर धरले, आत शालू उतरवला. मानेला, काखेत ओले पदर. पानांनी वारा. मघाशी अपशकुन म्हणणारी बाईच सगळ्यात जोरात वारा घालत होती!

कोणीतरी फोन केला, निर्मलाताईंनी गाडी बोलावली. तालुक्याच्या दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र ठेवलं — आवाज नाही. थोडं सरकवलं — नाही. मथुराबाईंनी भिंत धरली. आणखी सरकवलं...

धक् धक् धक् धक्!

मथुराबाई तिथेच फरशीवर बसल्या नि लहान पोरासारख्या रडल्या. डॉक्टरीणबाई रागावल्या होत्या, "आजी, आणखी अर्धा तास गेला असता तर मी काही सांगू शकले नसते. पोटुशी बाई उन्हाने लवकर तापते. तहान लागायची वाट बघायची नाही, घोट घोट पाजत राहायचं. नि बाळाची हालचाल कमी वाटली की पूजा, पाहुणे सगळं सोडून इकडे यायचं!"

आणि ज्याच्यासाठी एवढं चाललं, तो हेमराज? त्या वेळी ग्वाल्हेरच्या अलीकडे झाडाखाली उताणा पडून टरबूज खात होता!

मुलगी झाली, मंडळी. पूर्ण दिवसांची.

तर आता सांगा, पाप लागलं का मथुराबाईंना? काकू, आता का गप्प? आणि तुम्ही पुरुषमंडळी, हसू नका! तुमच्या आयुष्यासाठी कोणीतरी उन्हात उभी राहते, तेव्हा तुम्ही पंख्याखाली असता. घरात कोणी पोटुशी असेल तर दुपारी तिला चुलीपुढे बसवू नका. सुती, सैल नेसू द्या. तांब्या भरून तिच्या उशाशी ठेवा — तुम्ही ठेवा! देवाला काय सांगायचं ते मी सांगतो.

हेमराज, तू आज मृदंगाशेजारी बसलायस. ट्रक घेऊन परत आलास तेव्हा तू मला रागाचा एक शब्द बोलला नाहीस, तेच मला फार लागलं. म्हणून सगळ्यांदेखत तुला शब्द देतो. यापुढे वटपौर्णिमेला ज्या गावात मी उभा राहीन, तिथे आख्यान लावायच्या आधी समोरच्या गरोदर बाईला माझ्या हाताने पाणी देईन, नि ती प्यायल्याशिवाय तोंड उघडणार नाही.